सवड नसलेल्या वाचकाची मते

आमच्या प्राध्यापक-कक्षात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला विचारले, "सर, अभ्यासक्रमाबाहेरचे, सहज म्हणून तुम्ही काय वाचता?" प्रश्नात वाकडे काही नव्हते. गृहस्थ सुसंस्कृत आहेत. त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून घरात पुस्तकांचे कपाट आहे आणि लहानपणी आजारी पडले की आई उशाशी बसून गोष्टी वाचून दाखवीत असे, असे ते नेहमी सांगतात. मी दोन-चार नावे सांगून वेळ मारून नेली. पण ‘सहज’ हा शब्द एस.टी.त बसल्यावरही डोक्यातून जाईना.

मी दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. घराण्यातला पहिला पदवीधर. वडील मोंढ्यात हमाल होते, आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाई. आमच्या घरात वाचणे म्हणजे परीक्षेचे वाचणे. मी पुस्तक घेऊन बसलो की आई शेजारणीला दबक्या आवाजात सांगे, "पोरगं वाचायलंय." मग घरातला आवाज बंद होई. माझ्या वाट्याचे पाणी धाकटी बहीण भरी. पुष्कळदा माझ्या हातात पाठ्यपुस्तक नसून वसतिगृहातल्या कुणाची तरी फाटकी कादंबरी असे. आईला ते कळत नव्हते आणि मी सांगत नव्हतो. म्हणजे माझे पहिले ‘सहज’ वाचन हे चोरीचे वाचन होते आणि त्याची किंमत बहिणीने हंड्यांनी मोजली आहे.

मराठी समीक्षेने ज्याला ‘रसिक’ म्हटले, तो वाचक निवांत असतो. पोट भरलेले असते, दुपार मोकळी असते आणि पुस्तकाने आपल्याला आनंद द्यावा एवढीच त्याची अपेक्षा असते. शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ साली ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ या पुस्तकात ही आनंदाची कसोटीच नाकारली आणि ते योग्य झाले. पण त्यामुळे एक प्रश्न शिल्लक राहतो. आपल्या वस्तीतला माणूस जेव्हा कोणतेही काम नसताना, कोणत्याही परीक्षेविना एखादे पुस्तक उघडतो, तेव्हा त्याचे काय होते? त्याला आनंद होत नाही काय? झाला तर तो कसला असतो? आपली समीक्षा लेखकाच्या जाणिवेविषयी भरपूर बोलली. वाचकाच्या जाणिवेविषयी ती फारशी बोललेली नाही. म्हणून समीक्षेची परिभाषा बाजूला ठेवून, काही पुस्तके वाचताना मला काय वाटले ते येथे नोंदवतो.

‘श्यामची आई’ मी सातवीत वाचली आणि भरपूर रडलो. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यातले दारिद्र्य मला माझे वाटले. अब्रू जपणारी, पोरांच्या पोटासाठी झुरणारी ती आई मला माझ्या आईसारखी वाटली. त्यात एक प्रसंग आहे. महार जातीची एक म्हातारी लाकडांची मोळी घेऊन आलेली असते. मोळी खाली पडते आणि ती डोक्यावर चढवायला कोणी हात लावत नाही. श्यामची आई श्यामला पाठवते. मोळी उचलून दे आणि घरी येऊन आंघोळ कर, असे सांगते. सातवीत मला तिच्या दयाळूपणाने भरून आले होते.

बी.ए.ला असताना पुस्तक पुन्हा हाती आले आणि त्या आंघोळीपाशी मी थबकलो. माझी आजी सरपणाच्या मोळ्या विकायची. मी शाळेत जाईपर्यंत तिच्या डोक्यावर मोळी होती. तरीही पहिल्या वाचनात मी श्यामच्या जागी उभा होतो. मोळी उचलणारा मी होतो, परोपकार करणारा मी होतो. जिची मोळी पडली ती माझी आजी आहे आणि जिच्या स्पर्शाने आंघोळ करावी लागते तीही माझी आजीच आहे, हे मला सुचलेच नाही. पुस्तकाने मला फसवले असे मी म्हणणार नाही. गुरुजींनी तो प्रसंग झाकलेला नाही. त्या काळच्या एका ब्राह्मण घरातली दया कोठवर जाऊ शकत होती ते त्यांनी लिहून ठेवले आहे. पुढे १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केले, हेही विसरता येत नाही. तोवर बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा करून बारा वर्षे होत आली होती आणि देवळाचे दार आमच्या दृष्टीने मागे पडले होते, ही गोष्ट निराळी.

मला खुपते ते माझे वाचन. सातवीतला मुलगा स्वतःच्या आजीला ओळखू शकत नाही, इतके ते वाचन सहज झाले होते. तेव्हापासून मी प्रत्येक पुस्तकाला एक प्रश्न विचारतो: या पानावर मी कोठे उभा आहे?

‘फकिरा’ मी स्वतःसाठी वाचली नाही, वडिलांसाठी वाचली. अण्णाभाऊ साठे यांची ही कादंबरी १९५९ ची. त्यांनी ती बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली आहे. आमच्याकडे तेव्हा भारनियमन फार होते. वीज गेली की वडील अंगणात बाजेवर पडत आणि मी कंदिलाच्या उजेडात वाची. दिवसभर शंभर किलोची पोती वाहून त्यांची पाठ मोडलेली असे. तरी राणोजी गावासाठी जोगणी आणायला जातो आणि जिवाला मुकतो ते प्रकरण ऐकून ते उठून बसले. मी थांबलो की विचारीत, "मंग? पुढं काय झालं?"

पुढे एम.ए.च्या परीक्षेत मी ‘फकिरा’वर उत्तर लिहिले. व्यक्तिरेखा आदर्शवादी आहेत, नाट्यमयतेचा अतिरेक आहे, भाषा भडक आहे. हे सारे मार्गदर्शिकेतून उचलले होते. गुण चांगले पडले. वडिलांनी विचारले, "फकिराबद्दल काय लिव्हलंस?" मी म्हणालो, "कलेच्या दृष्टीने कच्ची आहे, असं लिहिलं." ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कच्ची हाय तर मला झोप कामून येत नव्हती?"

या प्रश्नाला माझ्या मार्गदर्शिकेत उत्तर नव्हते. आता मला वाटते, आम्ही दोघेही चूक नव्हतो. ‘फकिरा’त माणसे मोठी करून दाखवलेली आहेत हे खरे आहे. घटना धावतात, थांबून विचार करायला अवकाश मिळत नाही हेही खरे आहे. पण अण्णाभाऊ कोण होते? शाळेशी ज्यांचा संबंध नावापुरता आला, १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर ज्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, गिरणी कामगारांच्या गर्दीपुढे ज्यांनी पोवाडे आणि लोकनाट्ये केली, ते शाहीर होते. त्यांचे वाक्य कानासाठी घडलेले आहे. खोलीत एकटा बसून डोळ्याने वाचणाऱ्याला जे भडक वाटते ते दहा माणसांत मोठ्याने वाचले की बरोबर आवाजात लागते. भुकेलेल्या माणसांसाठी धान्य लुटणारा फकिरा शेवटी आपल्या माणसांच्या सुटकेसाठी स्वतःला सरकारच्या हवाली करतो. तेथे वडिलांनी कंदील बारीक करायला सांगितला. त्यांना माझ्यासमोर डोळे पुसायचे नव्हते. वाचक म्हणून त्यांची नोंद कोठेच नाही, कारण ते अक्षर वाचू शकत नव्हते. पण अण्णाभाऊंना हवा होता तो वाचक तेच होते, याविषयी मला शंका नाही.

येथे एका आवडीची कबुली दिली पाहिजे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ मला फार आवडते. १९५५ ची ही छोटी कादंबरी. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर येतो, ओस पडलेली शाळा सुरू करतो, लोकांची पत्रे लिहितो, भांडणे सोडवतो, तालीम उभी करतो. मग दुष्काळ येतो आणि वाडी मेंढरांसकट उठून जाते. चळवळीतल्या एका मित्राला मी हे पुस्तक आवडते असे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "तुलाबी त्यांचंच गोड लागायलं म्हण की." मला राग आला, पण मी उत्तर दिले नाही. ते आज देतो.

‘बनगरवाडी’ मला आवडते, कारण तिच्यात कीव नाही. लेखक वाडीतल्या माणसांवर उपकार करत नाही, त्यांना हसत नाही आणि त्यांच्या दारिद्र्याचे चित्रही रंगवत बसत नाही. वाक्ये लहान आणि कोरडी आहेत. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा आमच्याकडचे लोक घराला कुलूप लावून पुण्या-मुंबईकडे निघाले होते. त्या काळात एस.टी.त मी तिसऱ्यांदा ही कादंबरी वाचली आणि ओस पडलेल्या वाडीची पाने मला खिडकीबाहेर दिसत होती. पण माझा नेहमीचा प्रश्न येथेही आहेच. या पुस्तकात मी मास्तरच्या जागी सहज बसतो, कारण मीही मास्तर आहे. वाडी उठली की मास्तरला दुसऱ्या गावची शाळा मिळेल. धनगराला मात्र मेंढरांमागेच जावे लागेल. हा फरक लेखकाने सांगितलेला नाही, तो मी माझ्या बाजूने वाचतो. असे वाचता येत असेल तर ‘त्यांचे’ पुस्तक आवडण्याची भीती कशाला बाळगायची? आवडले की शरण गेलो, हा हिशेब मला पटत नाही.

उलट बाजूही सांगतो. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ मला पहिल्या वाचनात कळला नाही. १९७२ च्या या संग्रहाला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. ती पांढरपेशा वाचकासाठी आहे, आपल्याला तिची गरज नाही, अशा तोऱ्यात मी ती वगळून थेट कवितांना हात घातला. दोन-तीन कवितांनंतर मुकाट्याने प्रस्तावनेकडे परत आलो. मी मराठवाड्यातल्या खेड्यात वाढलो. कामाठीपुऱ्याच्या गल्लीतले शब्द मला कोठून ठाऊक असणार? जातीने कवीच्या जवळचा असलो तरी भाषेने मी त्या वस्तीत पाहुणाच होतो. ‘आपले साहित्य’ आपल्याला आपोआप कळते, ही समजूत त्या दिवशी गेली. आपले साहित्यही कष्ट करूनच वाचावे लागते.

‘बलुतं’ मी आईला वाचून दाखवले. दया पवारांचे हे आत्मकथन १९७८ साली आले. त्यात दगडू मारुती पवार हा दया पवारांना आपली कहाणी सांगतो. एकाच माणसाची ही दोन नावे. एक जन्माने मिळालेले, दुसरे लेखणीने मिळवलेले. शिकलेल्या माणसाच्या आत त्याचा जुना स्वतः कसा दडून बसतो आणि सभ्य माणसांत असताना तो मध्येच कसा बोलू लागतो, हे दाखवायला याहून चांगली रचना मला माहीत नाही. पुस्तक आले तेव्हा आपल्यातल्याच काही शिकलेल्या मंडळींना ते आवडले नव्हते. जुनी घाण कशाला उपसायची, असा त्यांचा आक्षेप होता. मी पदव्युत्तर वर्गात या आक्षेपावर तावातावाने टीका केली होती.

आणि आईला वाचून दाखवताना मी स्वतःच पाने गाळली. मेलेल्या जनावराच्या मांसाचे वर्णन आले, की मी पान उलटून पुढचे वाचू लागे. दुसऱ्या की तिसऱ्या रात्री आई म्हणाली, "मधलं कामून गाळायलास?"

मी म्हणालो, "काही विशेष नाही त्यात."

"तुहा आवाज बदलतो. ढोराचं असंल. आरं, बहात्तरच्या दुष्काळात माह्या मायनं चान्या वाळू घातलेल्या मी पाह्यल्यात. खाल्ल्यात बी. मला लाज न्हाई, तुला कशाची?"

मी मागे जाऊन ती पाने वाचली. आई ऐकत होती आणि मध्येमध्ये दुरुस्त्या करत होती. आमच्याकडे असे नव्हते, आमच्याकडे वाटणी अशी होई, कातडे याचे, मांस त्याचे. ती पुस्तकाची वाचक नव्हती, जाणकार होती. ज्या वास्तवासमोर मी शहरी वाचकाच्या नजरेने शरमत होतो, त्याविषयी ती एखाद्या कारागिराने आपल्या कामाविषयी बोलावे तशी बोलत होती. दगडू आणि दया पवार यांच्यातला झगडा मला त्या रात्री खऱ्या अर्थाने कळला. मी दया पवार होऊन वाचत होतो आणि दगडूला बोलू देत नव्हतो.

तरी ‘बलुतं’वर माझा एक आक्षेप आहे आणि तो आईच्या बोलण्यातून आला. पुस्तक संपल्यावर ती म्हणाली, "त्याच्या मायला कुणी विचारलं का, तिला काय वाटलं म्हणून?" पवारांनी आईविषयी आणि बायकोविषयी प्रामाणिकपणे लिहिले आहे. स्वतःच्या संशयी स्वभावाची कबुलीही दिली आहे. परंतु त्या बायकांनी सांगितले असते तर पुस्तक निराळे झाले असते.

ते निराळे पुस्तक म्हणजे बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’, १९८६ साली ग्रंथरूपाने आलेले. फलटणला त्या लहानसे दुकान चालवीत. पुड्या बांधायला आलेल्या रद्दीत छापलेले असेल ते वाचत आणि लिहिलेले कागद नवऱ्याच्या नजरेस पडू नयेत म्हणून वर्षानुवर्षे लपवून ठेवीत. माझे चोरीचे वाचन आणि त्यांचे चोरीचे लेखन यांत मोठे अंतर आहे. मी लपवत होतो आईपासून आणि ती बिचारी मला उजेड देत होती. त्या लपवत होत्या मार बसू नये म्हणून.

या पुस्तकाने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले. गावाने महारवाड्यावर लादलेले जिणे त्यात आहेच. पण महारवाड्याने आपल्या सुनांवर लादलेले जिणेही त्यात आहे. कोवळ्या सुनांची उपासमार, मारझोड, संशयावरून नाक कापण्यापर्यंत गेलेली क्रूरता. बाबासाहेबांच्या चळवळीने बायका सभांना जाऊ लागल्या, पोरींना शाळेत घालू लागल्या, याचा अभिमानही पानोपानी आहे. एकच बाई अभिमान आणि आरोप दोन्ही एका आवाजात सांगते. वाचताना मी माझा प्रश्न विचारला, या पानावर मी कोठे उभा आहे? श्यामच्या आंघोळीवर बोट ठेवणे मला सोपे गेले होते. येथे उत्तर देणे जड गेले. येथे मी नवऱ्याच्या जागी उभा होतो.

ही गोष्ट पुस्तकापुरती राहिली नाही. ग्रंथालयातून आणलेल्या त्या प्रतीत माझी खूण म्हणून घातलेले एस.टी.चे तिकीट पहिल्या काही पानांतच होते. एकदा पुस्तक उघडले तर बरेच पुढे एक केसाची पिन होती. पत्नी बी.ए. झालेली आहे. लग्नाला आठ वर्षे झाली. मी आणलेली पुस्तके ती रात्री मुले झोपल्यावर वाचते, हे मला ठाऊक नव्हते. मी विचारले तेव्हा म्हणाली, "तुम्ही कधी विचारलंच नाही." मग मी तिचे मत विचारले. ती म्हणाली, "सासूचं बरोबर लिहिलंय. ती अशी का झाली तेही सांगितलंय. तिलाही तिच्या सासूनं तसंच वागवलं होतं. नुसती वाईट नाही दाखवली." अत्याचाराची परंपरा सोसणाऱ्याच्याच हातून पुढे कशी जाते, याविषयी मी वर्गात अर्धा तास बोललो असतो. तिने ते भांडी आवरता आवरता सांगितले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्यात सहज वाचक आहे काय? आहे. तो कंदिलाशेजारी बाजेवर पडलेला आहे, तो गाळलेली पाने आवाजावरून ओळखतो, तो केसाच्या पिनेने खूण ठेवतो. त्याला सवड नाही, म्हणून त्याचे मत कोणी विचारत नाही. प्रस्थापित समीक्षेने त्याला रसिक मानले नाही, हे आपण वारंवार सांगतो. आपण तरी त्याला काय विचारतो? आपण पुस्तकाला विचारतो, तुझी बांधिलकी कोणाशी? हा प्रश्न आवश्यक आहे आणि मी तो सोडणार नाही. पण वाचकालाही काही मोकळीक हवी. आपल्या लेखकाचे पुस्तक आवडले नाही तर तसे म्हणण्याची, दुसऱ्याचे आवडले तर तेही म्हणण्याची. बाबासाहेबांनी दादरला ‘राजगृह’ बांधले ते पुस्तकांना जागा हवी म्हणून. त्या माणसाचा फोटो आपण घरोघर लावला. त्याच्यासारखे चहूकडचे वाचून स्वतःचे मत बनवण्याचा अधिकार मात्र आपण अजून आपल्याच बायकांना आणि पोरांना पुरता दिलेला नाही.

गेल्या वर्षी मी वर्गात श्यामच्या त्या प्रसंगाविषयी बोलत होतो. आंघोळीचा मुद्दा मांडून झाला आणि आपण फार मर्मावर बोट ठेवले असे मला वाटत होते. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. ती ऊसतोड कामगाराची मुलगी. तिने विचारले, "सर, मोळीवालीनं घरी जाऊन काय सांगितलं असंल?"

माझ्या तीन वाचनांत हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आपले साहित्य त्याचेच उत्तर आहे, असे मी तिला सांगितले आणि ‘जिणं आमुचं’ वाचायला दिले. पुस्तक तिने अजून परत केलेले नाही. तिच्या घरी ते आता कोण कोण वाचते आहे, ते तिला विचारायचे आहे.

आणि त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना सांगायचे आहे, की मी सहज असे काही वाचत नाही. तरी वाचतो पुष्कळ.